हवे तेवढेच किरण

एक्स-रे विभागात काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर एक छोटासा बिल्ला असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि मधल्या काळात त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले, याचा हिशेब लागतो. आपल्या देशात या हिशेबाला कायद्याची चौकट आहे. किरणांजवळ काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये आणि कोणत्याही एका वर्षात ती ३० च्या वर जाता कामा नये, ही अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेली मर्यादा. आकडा वाढला की विचारणा होते.

त्याच खोलीत टेबलावर झोपलेल्या रुग्णाला असा बिल्ला नसतो. त्याच्यासाठी कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादाही नसते. हे कुणाच्या नजरेतून सुटले म्हणून झालेले नाही. विचार करूनच तसे ठेवले आहे. अपघातात सापडलेल्या माणसाला डोक्यापासून ओटीपोटापर्यंत सीटी स्कॅन लागला, तर ‘तुमची मर्यादा संपली’ असे सांगून त्याला परत पाठवता येत नाही. म्हणून जगभरच्या नियमांनी रुग्णाच्या बाबतीत दोन गोष्टींवर भिस्त ठेवली. एक, तपासणी खरोखर गरजेची असावी. दोन, गरजेची असेल तर ती हवी तेवढ्याच किरणांत व्हावी. पहिली गोष्ट मुख्यतः डॉक्टरांच्या हाती. दुसरी बहुतांशी रेडिओग्राफरच्या, म्हणजे प्रत्यक्ष फोटो काढणाऱ्याच्या, हाती.

आज सकाळी त्या रेडिओग्राफरविषयी बोलावेसे वाटते. रुग्णापुरती कायद्याची रेघ जिथे थांबते, तिथून पुढे त्याचा विवेक काम करतो. आपल्या शरीरात किती किरण शिरावेत याचा निर्णय रोज कुणीतरी आपल्या वतीने घेत असतो, आणि तो नीट घेतला गेला तर आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. झालेले नुकसान दिसते. टळलेले नुकसान कोण पाहणार?

ते पाहायचे असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीत, सकाळच्या गर्दीच्या वेळी, थोडे बाजूला उभे राहावे. बाहेर बाकांवर जागा नाही. कुणाच्या हातात केसपेपर, कुणाचा हात झोळीत. आत एका बाईंच्या छातीचा फोटो काढायचा आहे. रेडिओग्राफर ताई म्हणतात, “मावशी, वेणी वर बांधा, खांद्यावर नको.” ऐकणाऱ्याला वाटावे, वेणीचा इथे काय संबंध? पण घट्ट वेणीची सावली फुप्फुसाच्या टोकावर पडते, तिथे डाग आहे की काय अशी शंका येते आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. पुन्हा काढलेला फोटो म्हणजे दुप्पट किरण. मग मंगळसूत्र उतरवून ठेवायचे, हुकांचा ब्लाउज बदलून गाऊन घालायचा. “हात कमरेवर ठेवा, कोपरे पुढे घ्या.” त्याने खांद्याची पाती बाजूला सरतात आणि फुप्फुसे मोकळी दिसतात. पाठीवर दिव्याच्या उजेडाचा चौकोन पडतो. ताई बटण फिरवून तो चौकोन आवळत नेतात, मानेवरून खाली, पोटावरून वर. जेवढा उजेड तेवढेच किरण. शेवटी श्वासाची तालीम: “भरून घ्या, धरा, सोडा. आलं ना? आता मी सांगेन तेव्हा.” बटण दाबायला क्षणही लागत नाही. त्याआधीची दोन मिनिटे हे त्यांचे खरे काम.

पुढचा रुग्ण चार वर्षांचा मुलगा. गळ्यात ताईत आहे आणि तो काढायला आई तयार नाही. नजर लागेल ही भीती. ताई वाद घालत नाहीत. “तुमच्याच मुठीत धरा, झालं की लगेच घालू,” म्हणतात आणि मुलाला समोरच्या भिंतीवरचा हत्ती दाखवतात. मूल हलले नाही तर एकाच फोटोत काम होते. मुलांच्या बाबतीत हे जास्तच जपायचे. त्यांच्या वाढत्या पेशींवर किरणांचा परिणाम अधिक होतो आणि तो दिसून येण्यासाठी पुढे सारे आयुष्य पडलेले असते. म्हणून २००८ साली अमेरिकेत मुलांच्या तपासण्यांसाठी ‘इमेज जेंटली’ नावाची मोहीम सुरू झाली. तिचा सांगावा साधा होता: मोठ्यांसाठी लावलेली मात्रा मुलांना देऊ नका.

त्यानंतर नुकतेच लग्न झालेली मुलगी, कंबरेच्या एक्स-रेसाठी आलेली, सोबत सासूबाई. भिंतीवर पाटी आहेच: गरोदर असल्यास आधी सांगा. पण पाटी लावली म्हणून प्रश्न विचारून झाला असे होत नाही. ताई सासूबाईंना दोन मिनिटे बाहेर बसायला सांगतात, दार लावतात आणि हळू आवाजात विचारतात, “पाळी कधी आली होती? दिवस राहिले असतील असं वाटतं का?” उत्तर अडखळत आले, तर फोटो थांबतो आणि डॉक्टरांना फोन जातो. १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या डॉक्टर अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी, गरोदरपणी आईच्या पोटाचे एक्स-रे आणि पुढे मुलाला होणारा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला, तेव्हा त्यांचे म्हणणे पटायला वैद्यकीय जगाला बरीच वर्षे लागली. दार लावून विचारलेल्या त्या प्रश्नामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

फिल्मच्या काळात एक सोय होती. किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. आता सारे संगणकावर आले. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार येते आणि डॉक्टरांकडून तक्रार येते. जास्त पडले तर संगणक चित्र सावरून घेतो आणि ते उलट अधिकच स्वच्छ दिसते. तक्रार होत नाही. तेव्हा गर्दीच्या विभागात हात आपोआप थोड्या जास्त मात्रेकडे झुकतो, आणि महिन्या-महिन्याने ते थोडे वाढत जाते. हे टाळण्यासाठी यंत्र प्रत्येक फोटोबरोबर एक आकडा दाखवते, किरण कितपत पडले हे सांगणारा. चित्र उत्तम आले असतानाही तो आकडा पाहणारा आणि ‘अरे, हे यापेक्षा कमीत झाले असते’ असे म्हणून पुढच्या रुग्णासाठी मात्रा उतरवणारा रेडिओग्राफर मला फार मोठा वाटतो. चूक झाकून घेणारे यंत्र हाती आले की माणसाच्या सचोटीचा कस लागतो.

सीटी स्कॅनमध्ये हा कस आणखी मोठा. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा मिलिसिव्हर्टच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनची साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट. माती, खडक, हवा आणि आकाश यांतून आपल्या प्रत्येकाला निसर्गतः मिळणारे किरण जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट भरतात. म्हणजे एका स्कॅनमध्ये निसर्गाचे तीन-चार वर्षांचे माप. यात घाबरण्यासारखे काही नाही. गरज असताना स्कॅन न करणे हे त्या किरणांपेक्षा किती तरी जास्त धोक्याचे असते. पण एवढी मात्रा हाताळणाऱ्याचे बारकावे महत्त्वाचे ठरतात. रुग्ण यंत्राच्या कड्यात नेमका मध्यावर झोपवला का? टेबल थोडे वर-खाली राहिले तरी किरणांचे आपोआप होणारे गणित चुकते. छातीचा स्कॅन छातीपाशीच थांबवला, की ‘असू दे’ म्हणून पोटापर्यंत ओढला? औषध टोचण्यापूर्वी, नंतर आणि उशिरा असे तीन फेरे मागितलेत. तिन्ही खरेच हवेत का, हे रेडिओलॉजिस्टना विचारले का? कोविडच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत ‘सीटीचा स्कोर किती आला?’ हाच प्रश्न होता. सीटी सेंटरबाहेर रात्री-अपरात्री रांगा लागत होत्या. त्या गर्दीत, पीपीई किट घालून, प्रत्येक रुग्णासाठी कमी मात्रेची मांडणी निवडणारी माणसे होती. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

किरणांच्या जगाने सर्वांत आधी कुणाची नावे कोरली, ते पाहण्यासारखे आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे, अंगठीसकट, हाडांचे छायाचित्र घेतले. जग हरखून गेले. ज्यांनी या किरणांवर काम केले ते आपल्याच हातावर यंत्राची ताकद तपासत. मग त्वचा जळली, बोटे गेली, कर्करोग झाले. एडिसनचा सहकारी क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये यातच गेला आणि एडिसनने हे काम कायमचे सोडले. १९३६ साली हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात या सगळ्यांचे स्मारक उभे राहिले. सुरुवातीला त्यावर निरनिराळ्या देशांतली १६९ नावे होती; पुढे त्यांत भर पडत गेली. डॉक्टर, शास्त्रज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ. त्या नावांपुढे मान लवतेच. पण मनात येते, की बळी गेलेल्यांची नावे आपण दगडात कोरली आणि पुढच्या पिढ्यांत ज्यांच्या हातून कुणी बळी गेला नाही, त्यांची कुठे लिहिली?

बातमीही नुकसानीचीच होते. २००९ साली लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात उघड झाले, की मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या सीटी स्कॅनमध्ये दीड वर्षभर रुग्णांना ठरल्याच्या आठपट मात्रा जात होती. असे २०६ रुग्ण निघाले. एकाने डोक्यावरचे केस पट्ट्यासारखे गळाल्याचे सांगितले, तेव्हा शोध सुरू झाला. मूळ कारण एवढेच, की यंत्राची मांडणी बदलताना गैरसमज झाला होता. अशा यंत्राच्या पडद्यावर मात्रेचा आकडा प्रत्येक वेळी दिसत असतो. ज्या दवाखान्यात कुणीतरी पहिल्याच दिवशी तो आकडा वाचून ‘थांबा, हे बरोबर नाही’ म्हणतो, तिथे मात्र बातमी होत नाही.

मग या माणसांची दखल घ्यायची कशी? एक हार, एक श्रीफळ, एक शाल यांनी मन सुखावते. त्यात वाईट काही नाही. पण या कामाला शोभेल असा सन्मान मोजमापातून आला पाहिजे. ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या मध्यात देशभरच्या रुग्णालयांत नेहमीच्या एक्स-रेंची मात्रा मोजली, तेव्हा एकाच तपासणीसाठी रुग्णालया-रुग्णालयांत प्रचंड तफावत निघाली. मग त्यांनी प्रत्येक तपासणीसाठी एक तुलनेची पातळी ठरवली: देशातल्या तीन-चतुर्थांश ठिकाणी जेवढ्यात भागते, तेवढी. तुमच्याकडे सरासरी त्याहून जास्त जात असेल तर कारण शोधा, एवढाच तिचा अर्थ. दर काही वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. २००५ च्या आढाव्यात ही पातळी बहुतेक तपासण्यांत १९८० च्या दशकातल्या आकड्यांच्या निम्म्याहून खाली आलेली होती. नवी यंत्रे आली हे खरे, पण आपण कुठे आहोत हे कळल्यावर माणसांनीही हात आवरला. आपले काम कुणीतरी पाहते आहे आणि त्याचा अर्थ कुणाला तरी कळतो आहे, याहून मोठी दखल कष्टकऱ्याला कोणती हवी?

मात्र इथे एक धोका आहे. ‘सर्वांत कमी मात्रा’ देणाऱ्याला बक्षीस ठेवले, तर आपण भलत्यालाच हार घालू. किरण इतके कमी केले की न्यूमोनियाचा डाग दिसलाच नाही, तर पडलेले थोडे किरणही वाया गेले आणि रुग्ण औषधाला मुकला. लठ्ठ माणसाला जास्त मात्रा लागतेच. ती देण्याचे धाडसही चांगल्या कामातच मोडते. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार-विहाराची जी शिकवण आहे, ती उपाशी राहण्याची नाही. जे करायचे ते बेताने करण्याची आहे. रेडिओग्राफरचे व्रत हेच आहे. म्हणून शाबासकी द्यायची ती ‘हवे तेवढेच’ ओळखणाऱ्या नजरेला.

आणि ही नजर शिकत राहिली पाहिजे. कितीतरी वर्षे लहान मुलाच्या ओटीपोटावर शिशाचा तुकडा ठेवणे ही काळजीची खूण मानली जात होती. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आणि तिथल्या राष्ट्रीय किरण-संरक्षण परिषदेने २०२१ मध्ये सांगितले, की ही नेहमीची प्रथा आता थांबवावी. शिसे कधी नेमका हवा तो भाग झाकते; कधी यंत्राला वाटते की किरण कमी पडले आणि ते मात्रा वाढवते. वर्षानुवर्षे मायेने केलेली गोष्ट, पुरावा बदलल्यावर सोडणे सोपे नसते. पालक विचारतात, “शिसे का नाही लावले?” त्यांना शांतपणे समजावून सांगणारा रेडिओग्राफर किरणांइतकीच भीतीही हाताळत असतो.

दुसरे उदाहरण तर फार साधे आहे. पाठीच्या कण्याला बाक असलेल्या मुलींचे वाढीच्या वयात पुन्हा पुन्हा एक्स-रे काढावे लागतात. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात हा आजार निदान झालेल्या हजारो स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त होते. उपाय? मुलीला पाठमोरी उभी करायची. किरण पाठीकडून शिरले की छातीपर्यंत पोचताना त्यांचा जोर कितीतरी कमी झालेला असतो. ना नवे यंत्र लागले, ना खर्च. फक्त “बाळ, इकडे तोंड करून उभी राहा” हे चार शब्दांचे शहाणपण रोज, न चुकता, वापरायचे. अशा सवयीचे कौतुक मोठ्या आवाजात व्हायला हवे, कारण ऐकणारा शेजारचा रेडिओग्राफर ती उद्यापासून उचलतो.

रोंटगेनच्या शोधाची तारीख, ८ नोव्हेंबर, जगभर रेडिओग्राफी दिन म्हणून पाळली जाते. त्या दिवशी अनेक रुग्णालयांत केक कापला जातो. त्याला एक जोड द्यावी असे वाटते. विभागाने वर्षभरातली दोन-चार कामे नावानिशी वाचून दाखवावीत: अमुक यांनी पुन्हा काढाव्या लागलेल्या फोटोंची नोंद ठेवली, कारणे शोधली आणि त्यांची संख्या खाली आणली, तमुक यांनी मुलांच्या सीटीची मांडणी वजनाप्रमाणे बदलून घेतली. यासाठी समिती लागत नाही, निधी लागत नाही. लागतो तो वरिष्ठांचा कान. दिवसाला शंभर रुग्ण आणि एकच माणूस, अशा ठिकाणी विवेकाची अपेक्षा ठेवताना त्याला पुरेसे सहकारी देणे, चालते यंत्र देणे आणि ‘ही तपासणी कशासाठी?’ असा प्रश्न न घाबरता विचारण्याची मोकळीक देणे, हाही सन्मानच आहे. या वर्गाच्या शिक्षणाला आणि नोंदणीला देशपातळीवर चौकट देणारा कायदा २०२१ साली झाला. आता चौकटीच्या आत माणसाला मान मिळाला पाहिजे.

आपल्यालाही यात वाटा उचलता येतो. तपासणीला जाताना जुने फोटो आणि रिपोर्ट पिशवीत घ्यावेत. आधीचा फोटो हाती असला की कधी कधी नवा लागतच नाही. दिवस राहिल्याची शंका असेल तर विचारण्याची वाट न पाहता सांगावे. डॉक्टर नको म्हणत असताना ‘एकदा सगळ्या अंगाचा स्कॅन करूनच टाका’ असा आग्रह धरू नये. “हलू नका” म्हटले की हलू नये. आणि काम झाल्यावर, ज्याने आपल्याला नीट उभे केले, नीट विचारले, एकाच फोटोत मोकळे केले, त्याचे नाव विचारून घ्यावे. रुग्णालयाच्या अभिप्राय वहीत तक्रारींची पाने भरलेली असतात. तिथे एक ओळ त्या नावाने लिहावी, आणि त्याने नेमके काय चांगले केले तेही लिहावे. वरिष्ठ ती वही वाचतात. ज्या कामाची नोंद होते, ते काम पुढचा माणूस अधिक मन लावून करतो, आणि त्याचा फायदा आपल्यानंतर त्या टेबलावर झोपणाऱ्या प्रत्येकाला मिळतो.